चूक दाखवणाऱ्याचं नाव लागत नाही

अव्या, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. पण या वेळी फारच लांब गेलास. परत ये म्हणायची सोय नाही, म्हणून एकटाच भांडतोय. फोन तोंडासमोर धरलाय, मी बोलतोय आणि तो लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. तेव्हा चुका असतील त्या फोनच्या आणि शिव्या असतील त्या माझ्या.

महिना होत आला. लोक म्हणतात राग हळूहळू ओसरतो. माझा मुरत चाललाय, लोणच्यासारखा.

आणि भांडत होतो कशावरून? तर कोडवरून! मी! आमच्या किचनमधल्या मायक्रोवेव्हवर आल्या दिवसापासून बारा शून्य शून्य चमकतंय, कारण मला घड्याळ लावता येत नाही. तो मी तुझ्याशी कोडवरून भांडलो. ऐकलं कुणी तर म्हणेल दोघांनी घेतलेली दिसते. आपण तर चहा पण प्यायलो नव्हतो त्या दिवशी.

तू पहिल्यांदा आलास इथं इंग्लंडात, मी आचारी आहे त्या हॉटेलात, टेकअवे न्यायला. आत मी कांद्याला शिव्या घालत होतो, अस्सल कराडच्या. तेवढ्यात सर्व्हिंगच्या खिडकीतून एक चष्मेवाला चेहरा आत डोकावला आणि म्हणाला, "कोण हो तुम्ही? आईची आठवण आली." माझ्या शिव्या ऐकून ज्याला आई आठवते तो माणूस सरळ नाही, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पुढच्या आठवड्यापासून दुपारी तीनला यायला लागलास. लंच आटपलेलं, डिनरला वेळ, ब्रॅकनेलमधलं तुझं ऑफिस रस्त्याच्या टोकाला. मागच्या दाराशी दोन क्रेट उलटे टाकून बसायचो. मी कांदे सोलायचो, तू कोड सोलायचास.

मी विचारलं होतं, एवढी शिकलेली माणसं ऑफिसात असताना मला कशाला सांगतोस? म्हणालास, "ती माणसं मान डोलावतात रे. तू 'म्हणजे काय' विचारतोस." मला वाटलं माझी स्तुती केली. घरी जाऊन लक्षात आलं, मला काही कळत नाही एवढंच तू म्हणाला होतास.

तुझं काम म्हणजे कर्नलचं. मशीनच्या पोटातलं, सगळ्यात खालचं. तिथं बिघडलं की वरचं सगळं बोंबलतं.

"म्हणजे ड्रेनेज," मी म्हणलं.

"हो. ड्रेनेजच."

"तरी तुझा पगार माझ्यापेक्षा जास्त?"

"वास येत नाही ना, म्हणून."

मग तो रिंग बफर. त्यासाठी तू माझ्या स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर आठ वाट्या गोल मांडल्यास.

"हे बघ बंडोपंत. तू एकेक वाटी भरत जायचं, मी मागून उचलत जायचं. आठवी झाली की परत पहिली."

"मग संपणार कधी?"

"संपत नाही. म्हणून तर गोल."

"आणि तू उचललीच नाहीस तर?"

"तर तू थांबायचं. भरलेल्या वाटीत परत ओतलंस तर सांडेल."

"आणि मला कसं कळणार तू उचललीस? तुला कसं कळणार मी भरली?"

"मधे पाटी. कितवी भरली ते तू लिहायचं, कितवी उचलली ते मी लिहायचं. पाटी बघून दोघांनी आपापलं काम करायचं. एकमेकांशी बोलायची गरजच नाही."

"नवरा-बायकोसारखं."

हसलास. मेधावहिनींना सांगू नको म्हणालास. मी सांगितलं.

तर तुमच्या टीममधल्या हॅनानं त्यात एक बदल केला होता. वाटी भरणं आणि पाटीवर आकडा लिहिणं, या दोन्हींच्या मधे एक 'थांब' होता. तो तिनं काढून टाकला. काम भराभर व्हायला लागलं, सगळे खूश. तो बदल तुझ्याकडं तपासायला आला. दोन आठवडे तू तेच घेऊन बसलास. म्हणायचास, कुठंतरी खुपतंय, सापडत नाही. मला सांगायचास, मशीनला आपण जे ज्या क्रमानं सांगतो, ते त्याच क्रमानं करेल असं नाही. सोयीचं ते आधी उरकतं.

"आमच्यासारखंच की," मी म्हणलं, आणि घंटेचा किस्सा सांगितला.

आमचे वेटर शफिकभाई. घंटा मारली की यायला एवढा वेळ लावतात की तोवर मिरची पिकेल. म्हणून मी काय करायचो, डिश भरायच्या आधीच घंटा मारायचो. ते पाय ओढत येईपर्यंत डिश खिडकीत. वर्षभर चाललं. मालकाला सांगून मी शाबासकी पण घेतली होती. मग एका शनिवारी शफिकभाईंना काय झालं कोण जाणे, नवे बूट घातले होते का काय, घंटा वाजली आणि माणूस हजर! माझं पनीर अजून कढईत. खिडकीत त्याच जागेवर कुणीतरी गार झाली म्हणून परत पाठवलेली लँबची प्लेट पडलेली. त्यांनी ती उचलली आणि नेऊन ठेवली पनीरवाल्या बाईंपुढं. बाई जन्माच्या व्हेजिटेरियन. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "लव्हली." मग बाहेर गोंधळ. मला बोलावलं. मी हात जोडून उभा, इंग्लिशची बोंब. म्हणलं, "सॉरी मॅडम. बेल फर्स्ट, पनीर लेटर."

सांगताना मला हसू आवरेना. तू हसला नाहीस.

"परत सांग," म्हणालास. "घंटा आधी मारलीस?"

"हो."

"वर्षभर काही झालं नाही?"

"शफिकभाई हळू म्हणून."

तू उठून उभाच राहिलास. "हॅनाचं मशीन म्हणजे शफिकभाई आहे बंड्या. तिथं हे कधीच दिसणार नाही. ती हजारदा चालवून बघेल, हजारदा बरोबर येईल. गिऱ्हाइकाचं मशीन दुसऱ्या बनावटीचं. ते नवे बूट घालून येणार." गिऱ्हाइकाचे कारखाने होते, बॉयलरचे आकडे त्या वाट्यांतून जाणार होते. पाटीवर नवा आकडा आणि वाटीत शिळा माल. शिळं तापमान ताजं म्हणून दिसणार, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. तू माझ्या डोक्याचा मुका घेतलास. पिठाच्या हातानं मी तुला ढकललं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा एका शिकलेल्या माणसाच्या कामी आला होता. मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

आणि तोच मी पुढच्या मंगळवारी तुला म्हणालो, सही कर.

हे तुमच्या धंद्यातलं मला तूच सांगितलं होतंस. कोड तपासला आणि पटला, की खाली आपलं नाव घालायचं, रिव्ह्यूड बाय अमुक तमुक. म्हणजे मी ओळ न ओळ वाचलीय, उद्या फुटलं तर मलाही धरा. ते नाव जगभर राहतं, कुणी पुसत नाही. मी विचारलं होतं, आणि चूक दाखवली तर? तर नाव लागत नाही, म्हणालास. चूक दाखवणं हे कामच आहे. चूक सुधारून नवा कोड जातो, आधीची चूक कुणी दाखवली ते त्याच्यावर लिहीत नाहीत.

"म्हणजे ठीक आहे म्हणणाऱ्याचं नाव आणि थांबवणारा बोंबलत?"

"असंच काहीसं."

"हे कुठलं रे राज्य?"

"चालतं," म्हणालास. तुझं सगळंच चालायचं.

त्या मंगळवारी तू आलास तो पडलेल्या चेहऱ्यानं. तुझे साहेब मार्टिन रोज विचारत होते, झालं का. बाकी दोघांनी नावं घातली होती. एक तुझंच अडलं होतं. चूक कुठं आहे ते तुला कळलं होतं, पण हॅनाला वाईट वाटू नये अशी नीट मांडून लिहायची होती. तुला काय, भाजीवाल्याला पिशवी नको म्हणायला सुद्धा दोन कच्चे कागद लागायचे.

मी वैतागलो होतो, दुपारी तंदूर बंद पडला होता. म्हणलं, "घाल ना नाव. दोघांनी घातलंय. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं नाही. माझं जातं."

"ते दोघं काय येडे?"

"त्यांनी कोड बघितला नाही बंड्या. त्यांनी हॅनाकडं बघितलं. हुशार पोरगी आहे, म्हणजे ठीकच असणार. तसं बघणं म्हणजे न बघणं." आणि तासभर लेक्चर. माणसं कशी ओळखीवर मान डोलावतात, कशी घाईत 'ठीक आहे' म्हणतात, आणि मग सगळं त्या 'ठीक आहे'च्या भरवशावर कसं उभं राहतं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुला माणसं नकोत, चुका पाहिजेत. म्हणून तुझं नाव कुठं येत नाही. मरशील असाच, आणि कुणाला कळणार पण नाही."

बोललो. हेच शब्द. मला शाळेत घातलं असतं तरी एवढं नेमकं बोलायला शिकवलं नसतं.

तू चहा न पिता गेलास. गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

इथं मेल्यावर जाळायला पण अपॉइंटमेंट लागते. तुझी अठराव्या दिवशी मिळाली. अर्धा तास, मग पुढची पार्टी दारात उभी. त्यानंतर सगळे तुमच्या घरी. जेवण मी केलं होतं. मार्टिन आले, हॅना आली, फुलं, कार्ड, सगळं रीतसर. तुझी इथंच वाढलेली लेक, ईशा, पाणी देत होती. मार्टिननं वहिनींचा हात हातात घेतला. म्हणाले, अविनाशनं शेवटच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, गुरुवारी पाठवतो. पाठवायचं राहून गेलं. तर आम्ही ठरवलंय, त्या कोडखाली त्याचं नाव घालायचं. त्याची शेवटची सही. कायमची राहील.

वहिनी रडायला लागल्या. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

मी हातात पापडाची परात घेऊन उभा. मला माहीत होतं तू गुरुवारी काय पाठवणार होतास. त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. बाकी सगळे डिग्रीवाले, आणि माहीत कुणाला, तर पापडवाल्याला. गप्प बसलो असतो तर वहिनींना तुझं नाव मिळालं असतं. कसली तरी शेवटची गोष्ट मिळाली असती. कुठंतरी बॉयलर फुटला असता तर तो मला दिसणार नव्हता. मग मला क्रॉयडनचं व्हिसा ऑफिस आठवलं. माझ्या व्हिसासाठी तू सुट्टी काढून माझ्याबरोबर आला होतास. फॉर्ममध्ये शिक्षण विचारलं होतं, मी म्हणलं दहावी टाक, कोण बघतंय. तू चौथी लिहिलंस. मी सगळ्या ट्रामभर तुला शिव्या घातल्या. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "सही तुझी जाणार ना खाली?"

मायला, मेल्यावर सुद्धा माणूस नीट पापड वाढू देत नाही.

मी म्हणलं, "नो सर. ही वॉज नॉट साइनिंग."

सगळे बघायला लागले. मार्टिन हसले, दुःखात असलेल्या माणसाकडं बघून हसतात तसं. मग मी काय करू? मी तुमच्या रॅकवरून वाट्या काढल्या आणि कार्पेटवर गोल मांडल्या. सुटाबुटातली माणसं, आणि मधे मी गुडघ्यावर. "धिस वाटी फुल. नो, नॉट फुल, बट बोर्ड सेइंग फुल." कुणीतरी मला उठवायला लागलं, बिचाऱ्याला धक्का बसलाय म्हणून. ईशा कोपऱ्यातून म्हणाली, "काका, प्लीज, लोक बघते." मी शफिकभाईंचे बूट सांगितले, लँब सांगितली, बाई सांगितली. बाई लव्हली म्हणाल्या तिथं दोघं तिघं हसले पण. तुझ्या मयताला लोकांना हसवलं मी, अव्या. आयुष्यभर तेच केलं, वेगळं काय येतंय मला.

हॅना हसत नव्हती. ती कार्पेटवर माझ्यासमोर बसली. तिनं एका वाटीवर बोट ठेवलं आणि हळू विचारलं, "अँड द वेटर इज फास्ट?"

"येस मॅडम. न्यू शूज."

तिचा चेहरा उतरला. मग मार्टिनला म्हणाली, ही'ज राइट. मी नाही बरं का. ही म्हणजे तू.

वहिनींनी मला आत ओट्याशी गाठलं. "भाऊजी, काय गरज होती? तुम्हाला खरं-खोट्याचा एवढा पुळका कधीपासून? एवढं एकच राहिलं होतं त्याचं. तेही काढून घेतलंत."

"वहिनी, तो..."

"नका सांगू मला तो काय. तो गेला. मी राहिलेय."

मी माझी परात घेऊन मागच्या दारानं निघालो.

परवा ईशाचा फोन आला, "काका, ये ना घरी." हॅनाचा नवा कोड गेला होता. ते सगळं जगाला दिसतं म्हणे. ईशानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला, मला काय कळणार, मी मान डोलावली. तिनं बोटानं दाखवलं. 'थांब' परत घातलाय. खाली नावं, आधीच्या दोघांची, नव्या एकाची.

"बाबाचा नाव कुठेच नाही काका. मी दोनदा चेक केला."

"नसतंच बाळा. तुझ्या बाबानं चूक दाखवली ना. त्याला नाव नसतं."

"दॅट्स सो स्टुपिड."

"आहेच."

हॅनानं वहिनींना वेगळं पत्र लिहिलंय हातानं. ते मला दाखवलं नाही, मी विचारलं नाही. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. ईशा वर गेली. आणि मला राहवलं नाही. सगळ्या गावादेखत खरं बोलणारा मी मोठा हरिश्चंद्र, आणि एक गोष्ट पोटात ठेवून त्यांच्या सोफ्यावर बसलेला. मी म्हणलं, "वहिनी, त्या मंगळवारी तो छाती चोळत होता. हात जड वाटतोय म्हणाला. मी म्हणलं ॲसिडिटी. ओवा दिला. तो म्हणाला, नक्की ना? मी म्हणलं, ठीक आहेस रे, काही होत नाही तुला. आणि मग त्याला वाटेल ते बोललो."

त्या वळल्या नाहीत. मला वाटलं आता घराबाहेर काढतील, आणि बरंच होईल.

"मला रविवारी म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "जिना चढताना. मी इस्त्री करत होते. वर न बघताच म्हणाले, वजन कमी कर, होईल ठीक."

त्यांनी चहा टाकला. दूध उतू गेलं, दोघंही बघत राहिलो.

आता तू सांग. मला तासभर लेक्चर दिलंस ना, ओळखीवर मान डोलावणाऱ्यांचं? दुसऱ्याच्या कोडमधल्या एका 'थांब'साठी दोन आठवडे झोपला नाहीस, आणि स्वतःच्या छातीचं विचारलंस कुणाला? इस्त्री करणाऱ्या बाईला आणि कांदे कापणाऱ्या गड्याला. आम्ही तुझ्याकडं बघितलं रे, तू नेहमीचाच दिसलास. तुमच्या घराच्या खिडकीतून सर्जरी दिसते, डॉक्टरच्या दवाखान्याला इथं सर्जरी म्हणतात. परवा मी तिथंच उभा राहून बघितलं, पाटी सुद्धा वाचता येते, माझ्यासारख्याला सुद्धा. सकाळी आठला फोन लावायचा, नंबर लागेपर्यंत ती वाजंत्री ऐकायची, नाहीतर सरळ रस्ता ओलांडून जाऊन काउंटरवर उभं राहायचं आणि म्हणायचं, छातीत दुखतंय, बघा. ते काम तुला जमलं नाही. तुला, अव्या. तुमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत मोजून चौदा पावलं आहेत. मी जाऊन आलो.